चौकातले दिवे काढले तर?

चौकातले तांबडे-हिरवे दिवे काढले तर गाड्या आदळतील, असे मला वाटायचे. पण गुरुजींनी वेगळीच माहिती सांगितली.

नेदरलँड्स देशात द्राख्तेन नावाचे गाव आहे. तिथल्या एका मोठ्या चौकातून रोज सुमारे २२,००० गाड्या जात. हान्स माँडरमान या इंजिनिअरांच्या विचाराने २००३ पर्यंत तिथले दिवे काढले आणि मधोमध गोल वाहतूक बेट बांधले. लाल दिवा असला की समोर कुणी नसलं तरी थांबावं लागतं. आता गाडीवाले हळू येतात, एकमेकांकडे बघतात आणि जातात. त्यामुळे खोळंबा कमी झाला.

मी हे घरी सांगितले. माझ्या आजोबांना दिसत नाही. ते म्हणाले, "अरे, मग मी कुणाकडे बघून रस्ता ओलांडू?" मी गप्पच बसलो. अशा चौकांबद्दल तिकडच्या अंध लोकांचीही हीच तक्रार आहे, असे गुरुजी म्हणाले.

म्हणून मला वाटते, नुसते दिवे काढून भागत नाही. आधी गाड्यांचा वेग कमी व्हावा आणि आजोबांसारख्यांची सोय व्हावी. मग दिवे खुशाल काढावेत.

तोवर मी आजोबांचा हात धरूनच रस्ता ओलांडतो.

– एक विद्यार्थी, इयत्ता चौथी