शिकाऊ परवान्याचे तीस दिवस

मुलाला नोकरी लागली, मुलीचे कॉलेज लांब पडले, की घरात दुचाकीचा विषय निघतो. हप्त्यांचा हिशेब होतो, रंग ठरतो, शेजारी पेढे वाटले जातात. चालवायला नीट कोण शिकवणार, हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत निघतच नाही. चुलतभाऊ मागे बसतो, क्लच कसा सोडायचा ते सांगतो आणि दोन संध्याकाळींत "गाडी आली" असे आपण म्हणतो. खरे तर तेवढ्यात गाडी फक्त पुढे न्यायला आलेली असते. ती वेळेवर थांबवायला शिकणे अजून बाकी असते.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांतले १४,३३७ जण मागे बसलेले होते. घरातला कमावता हात असा गेला किंवा अंथरुणाला खिळला, की शिक्षण, भाडे, औषधपाणी सगळेच कोलमडते. म्हणून या वेळी आम्ही आरोग्याच्या पानावर दुचाकी शिकण्याचा धडा घेत आहोत.

कायदा काय मागतो

गिअरची मोटारसायकल चालवायला वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा. घरातली शंभर-सव्वाशे सीसीची गाडी त्यात बसत नाही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. लाडापायी चावी देणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आधी शिकाऊ परवाना काढावा लागतो. तो सहा महिने चालतो. तो मिळाल्यापासून किमान ३० दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावायचा असतो. पक्का परवाना असलेल्या शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही मागे बसवायचे नसते. गाडीचा विमाही चालू हवा.

आरटीओतली चाचणी काही मिनिटांत उरकते. तेवढ्यात कुणी चालक होत नाही. कायद्याने दिलेले तीस दिवस हाच आपला खरा वर्ग आहे. अनेकजण ते नुसते वाट पाहण्यात घालवतात.

आधी डोळे आणि तब्येत

अर्जासोबत प्रकृतीचे स्वयंघोषणापत्र भरायचे असते. ते न वाचता सही करू नये. त्यातला एक प्रश्न घरीच तपासता येतो. दिवसाच्या स्वच्छ उजेडात २५ मीटरवरची गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? चष्मा असेल तर तो लावून, एकेका डोळ्याने वाचून पाहावी. लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, हेही बघावे. फिट येत असेल किंवा अचानक शुद्ध हरपत असेल, तर ते लपवू नये. आधी डॉक्टरांना भेटावे. सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, त्या घेतल्यावर हँडल धरू नये. रात्रपाळी करून पेंगुळलेल्या माणसालाही हाच नियम.

चार आठवडे, चार धडे

पहिला आठवडा मोकळ्या मैदानात घालवावा. इंजिन बंद ठेवून गाडी ढकलावी, वळवावी, स्टँडवर लावावी. वजनाचा अंदाज हातापायांना येऊ द्यावा. मग पहिल्या गिअरमध्ये क्लचवर संथ चालवून ठरलेल्या रेषेवर थांबण्याचा सराव करावा.

दुसरा आठवडा ब्रेकचा. "पुढचा ब्रेक दाबला की माणूस पालथा पडतो" ही भीती आपल्याकडे घरोघर आहे. त्यामुळे अनेकजण आयुष्यभर फक्त मागचाच ब्रेक मारतात. ब्रेक लावताच गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. दोन्ही ब्रेक एकत्र वापरावेत. पुढचा झटक्याने न ओढता दाब हळूहळू वाढवत न्यावा. वळणात गाडी कललेली असताना, तसेच वाळू, खडी, चिखल यांवर जोराचा ब्रेक टाळावा. वेग आधीच कमी करावा. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. म्हणजे मेंदूने धोका ओळखून हात ब्रेकवर येईपर्यंतच तेवढे अंतर संपते. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर लागणारे अंतर चौपट होते.

तिसऱ्या आठवड्यात कमी रहदारीचा रस्ता घ्यावा. दोन्ही आरसे लावावेत. वळण्याआधी आरसा, इशारा आणि खांद्यावरून एक नजर, हा क्रम अंगवळणी पाडावा. ट्रकच्या किंवा एसटीच्या अगदी बाजूला रेंगाळू नये. त्यांच्या आरशात आपल्याला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही.

चौथ्या आठवड्यात शिकवणाऱ्यासोबत रहदारी, संध्याकाळचा उजेड आणि ओला रस्ता यांची सवय करावी. या पायऱ्या पक्क्या होईपर्यंत हायवेचा विचार नको.

डोके एकच आहे

योग्य हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्के कमी होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, पूर्ण डोके झाकणारे आणि घट्ट बसणारे घ्यावे. डोके हलवले तरी ते हलता कामा नये. हनुवटीखालचा पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना आधी उडून जाते. आतला थर्माकोलसारखा थर मार झेलून दबतो, म्हणून एकदा जोराने आपटलेले हेल्मेट बदलावे. पायात चपलेऐवजी बूट असावेत.

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. चार वर्षांवरील प्रत्येकाला तो नियम लागू होतो. नऊ महिने ते चार वर्षांच्या बाळाला चालकाशी बांधणारा सुरक्षापट्टा व लहान हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० च्या आत. आपल्या घरांत मुलाच्या डोक्यावर हेल्मेट असते आणि मागे एका बाजूला बसलेल्या आईच्या डोक्यावर फक्त पदर असतो. हे चित्र बदलायला हवे. गाडीचा साडीगार्ड काढू नये. पदर, ओढणी खोचून बसावे. गाडीवर दोघेच, जयंतीच्या रॅलीतही दोघेच.

अपघात दिसला तर

१०८ किंवा ११२ ला फोन करावा. जखमीला ओढाताण करून उठवू नये, मान हलू देऊ नये. श्वास चालू असेल तर हेल्मेट घाईने खेचू नये. जखमीला पाणी पाजू नये. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरावे. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने मागे हटू नये.

गाडी घेताना पहिल्या हप्त्याच्या पैशांतच दोन हेल्मेटांचे पैसे धरा. आणि पक्का परवाना हाती आला तरी, मैदानात आखलेल्या रेषेवर दहापैकी दहा वेळा गाडी थांबली, की मगच चावी द्या.