🔧 पेरणीआधीचा सल्ला: तोंड न फाकणारा फिक्स पाना कसा निवडायचा?



बियाणं, खत, कीड-रोग यावर आपण नेहमी बोलतो. आजचा विषय पाना. शेतीच्या ग्रुपवर पाना कशाला, असं काही जण म्हणतील. त्याचं कारण सांगतो.

सोयाबीनचं बी ३ ते ५ सेंमी खोलीवर पडावं, असं आपण दरवर्षी सांगतो. ही खोली आणि दोन ओळींतलं अंतर पेरणी यंत्राच्या फणांवर ठरतं. फण वर-खाली किंवा बाजूला सरकवायचे तर क्लॅम्पचे बोल्ट ढिले करावे लागतात. तिथे हलका पाना लावला की तो घसरतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. मग "राहू दे, आहे तसंच पेरू" असं होतं. बी खोल पडतं आणि उगवण विरळ होते. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन वाफसा आलेला असताना एका नटापायी अर्धा दिवस गॅरेजवर घालवणं कुणालाच परवडत नाही.

*१) पान्यावरचा नंबर म्हणजे काय?*

फिक्स पान्याच्या दोन्ही तोंडांवर नंबर असतात: १०-११, १२-१३, १६-१७, १८-१९. हा नंबर म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. बोल्टची जाडी वेगळी असते. दुकानात घोटाळा इथेच होतो. "१० चा बोल्ट" म्हणून १० चा पाना आणला तर तो बसणार नाही. हे लक्षात ठेवा:

▪️ ६ मिमी बोल्ट – पाना १०
▪️ ८ मिमी बोल्ट – पाना १३
▪️ १० मिमी बोल्ट – पाना १७ (काही ठिकाणी १६)
▪️ १२ मिमी बोल्ट – पाना १९ (काही ठिकाणी १८)
▪️ १६ मिमी बोल्ट – पाना २४

काही यंत्रांवर एक नंबर लहान डोक्याचे बोल्टही येतात. म्हणून पाना घ्यायला जाताना नट किंवा बोल्ट खिशात घेऊन जा.

*जुन्या ट्रॅक्टरवाल्यांसाठी:* जुन्या ट्रॅक्टरवर इंची बोल्ट असतात. पाऊण इंची नट (१९.०५ मिमी) १९ च्या पान्यात नीट बसतो. अर्धा इंची नट १२.७ मिमीचा असतो. त्याला १३ चा पाना लागतो, पण हलतो. घट्ट बोल्टवर तो कोपरे खाणारच. अशा ट्रॅक्टरसाठी इंची पाने वेगळेच ठेवा.

*२) दुकानात काय बघायचं?*

✅ *धातू:* "क्रोम व्हॅनेडियम" असं कोरलेला, फोर्जिंग केलेला पाना घ्या. तापलेल्या पोलादाला दाबून घडवलेला पाना ताकद सहन करतो. यंत्रासोबत फुकट येणारे, पत्र्यातून कापलेले चपटे पाने हलक्या कामापुरतेच. भारतीय मानकात अशा पान्यांसाठी आयएस २०२८ हा क्रमांक आहे, तो पान्यावर किंवा पाकिटावर आहे का बघा.

✅ *तोंड:* उजेडाकडे धरून बघा. आतल्या दोन्ही बाजू सपाट आणि एकमेकींना समांतर हव्यात. मुळाशी चीर किंवा खड्डा नको.

✅ *बसणं:* दुकानातलाच नवा बोल्ट घेऊन लावून बघा. जोर न लावता आत गेला पाहिजे आणि गेल्यावर डुगडुगायला नको. ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची. नाव कोरलेलं असूनही इथे नापास झाला तर तो पाना परत ठेवा.

✅ *मुलामा:* चकाकी बघून भुलू नका. मुलाम्याला फोड असतील तर पुढे पापुद्रे निघतात आणि ते हाताला कापतात.

✅ *दांडा:* मुठीत धरून दाबून बघा. कडा तळव्यात रुतत असतील तर घट्ट बोल्टवर जोर लावता येणार नाही.

✅ *बिल:* पक्कं बिल घ्या. तोंड फाकलं तर बदलून मिळेल का, हे आधीच विचारा.

*३) पूर्ण सेट की सुटे?*

६-७ पासून ३०-३२ पर्यंतचा १२ पान्यांचा सेट मिळतो. पण आपल्या कामाला रोज लागतात ते १०-११, १२-१३, १६-१७ आणि १८-१९. मोठ्या अवजारांसाठी २४-२७. बजेट कमी असेल तर हलका पूर्ण सेट घेण्यापेक्षा हे पाचच चांगल्या प्रतीचे घ्या. आणखी एक गोष्ट: नट फिरवताना पलीकडचं बोल्टचं डोकंही धरावं लागतं. त्यामुळे १६-१७ आणि १८-१९ या मापांत एक फिक्स आणि एक रिंग पाना अशी जोडी ठेवा.

*४) फिक्स पाना कुठे, रिंग पाना कुठे?*

फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो, रिंग पाना सगळीकडून. म्हणून जाम झालेला नट सोडवताना पहिला झटका रिंग पान्याने द्या, मग फिक्स पान्याने भराभर फिरवा. डिझेल पाइप, हायड्रॉलिक पाइप अशा ठिकाणी रिंग आत जात नाही, तिथे फिक्स पानाच लागतो. अडचणीच्या जागी पाना थोडासा फिरवून काढा, उलटा करून परत लावा. फिक्स पान्याचं तोंड साधारण १५ अंश तिरकं असतं ते याचसाठी.

स्लायडिंग पाना घट्ट बोल्टवर वापरू नका. त्याचा जबडा थोडा हलतोच आणि नट गोल होतो.

*५) हे टाळा*

❌ पान्याला पाइप घालून जोर लावणं. पान्याची लांबी त्या मापाच्या बोल्टला झेपेल इतकीच ठेवलेली असते. पाइप घातला की तोंड फाकतं किंवा बोल्ट तुटतो.
❌ पान्यावर हातोडा मारणं.
❌ गॅसवर तापवणं किंवा ग्राइंडरने तोंड मोठं करणं. तापून निळा पडला की पोलाद मऊ होतं.
❌ फाकलेलं तोंड ठोकून परत वापरणं. तो पाना भंगारात द्या.

गंजलेल्या बोल्टवर आधी तारेचा ब्रश मारा, गंज सोडवणारं तेल किंवा डिझेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. ब्रश कटरच्या पात्याचा नट बहुतेक उलट्या आट्यांचा असतो. जोर लावण्याआधी दिशा बघा.

*६) हात सांभाळा* ⚠️

रोटाव्हेटरची पाती बदलताना ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, पीटीओ सुटलेला. अवजार नुसत्या हायड्रॉलिकवर उचलून त्याखाली हात घालू नका, खाली भक्कम ठोकळे द्या. पाना शक्यतो आपल्याकडे ओढा, ढकलू नका. ढकलताना घसरला तर बोटांची हाडं थेट पात्यावर आपटतात. ढकलावंच लागलं तर मूठ न वळता उघड्या तळव्याने ढकला. बॅटरी काढताना आधी अर्थिंगची वायर सोडा. पाना दोन्ही टोकांना एकदम टेकला तर मोठी ठिणगी उडते.

*७) निगा*

खताचा हात लागलेला पाना लवकर गंजतो. काम झालं की फडक्याने पुसा, तेलाचा हात फिरवा आणि पिशवीत ठेवा. खताच्या गोणीवर ठेवू नका.

👉 *आजचं काम:* घरातले पाने बाहेर काढा. प्रत्येक तोंडात त्याच मापाचा नवा नट लावून बघा. जो डुगडुगतो तो बाजूला काढा. मग पेरणी यंत्राच्या प्रत्येक फणाचा बोल्ट एकदा ढिला करून, तेल देऊन परत आवळा. जो सुटत नाही त्याचा फोटो ग्रुपवर टाका. आपल्यातल्या जाणत्या ट्रॅक्टरवाल्या काका-दादांनीही उपाय सुचवावेत. पाऊस पडायच्या आत सगळे बोल्ट सुटते झाले पाहिजेत.

– आपला कृषी सल्लागार,
शेतकरी उत्पादक कंपनी