चूक दाखवावी कोठे?

चेन्नईतील वेस्ट मांबलम ही मांबलम रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेकडील जुनी वस्ती. तिचा पिनकोड ६०००३३. येथील एक सेवानिवृत्त गृहस्थ एखाद्या संकेतस्थळावर अर्ज भरीत आहेत अशी कल्पना करू. पिनकोड लिहिताना त्यांच्या हातून एक शून्य राहिले. आडनावाचा रकाना त्यांनी रिकामाच ठेवला आहे. कारण तमिळनाडूत पुष्कळांना आडनाव नसते, नावाआधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर तेवढे लावतात. मराठी वाचकाला याचे थोडे नवल वाटेल.

‘पाठवा’ ही कळ दाबताच पडद्याच्या मध्यभागी एक चौकट उसळून येते : ‘माहिती अवैध आहे.’ ती मिटविल्याखेरीज पुढे जाता येत नाही आणि मिटविताच सूचनाही नाहीशी होते. चूक कोणती व कोठे, हे शोधण्याचा भार अर्जदारावरच पडतो. अशी चौकट जावास्क्रिप्टच्या एका ओळीत काढता येते. तिच्या लोकप्रियतेचे रहस्य बहुधा एवढेच असावे.

याहून बरी रीत म्हणजे सूचना त्या त्या रकान्यालगत लिहिणे व दुरुस्ती होईपर्यंत ती तेथेच राहू देणे. ‘पिनकोडमध्ये पाचच आकडे आहेत, सहा हवेत’ असे तिने स्पष्ट सांगावे. भरलेला बाकीचा मजकूर पुसला जाऊ नये. पहिला आकडा उमटताच ‘अपुरा’ म्हणून हटकणेही बरे नव्हे. अर्जदार रकाना सोडून पुढे गेला की मग तपासावे. रकान्याची कडा नुसती तांबडी करून भागत नाही, कारण काहींना तांबडा-हिरवा हा भेदच जाणवत नाही. अंध व्यक्ती पडद्यावरील मजकूर संगणकाकडून वाचून घेते. तिच्यासाठी सूचना रकान्याशी आतून जोडावी लागते. ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’ हा गुणधर्म त्यासाठीच आहे. चुकलेली जागा दाखवून चूक शब्दांत सांगावी, ही अट २००८ सालच्या आंतरराष्ट्रीय वेब सुगम्यता सूत्रांत अगदी प्राथमिक पातळीवर घातलेली आहे.

राहिला आडनावाचा रकाना. तेथे ‘आडनाव आवश्यक’ ही सूचना कितीही नेमक्या जागी उमटली तरी ती खोटीच. गृहस्थांची काही चूक झालेली नाही. नाइलाजाने ते तेथे आद्याक्षर लिहितात; एक अक्षर चालत नाही असे उत्तर आले की वडिलांचे पूर्ण नाव लिहितात. मग दोन कागदपत्रांवरील नावे जुळेनाशी होतात. अशा ठिकाणी सूचना सुधारण्यापेक्षा नियमच काढून टाकावा आणि ‘पूर्ण नाव’ असा एकच रकाना ठेवावा.