कुत्र्याला अचानक दिसेनासं झालं, तर

परवापर्यंत चेंडू हवेत झेलणारा कुत्रा दाराच्या चौकटीला धडकू लागतो, जिना उतरताना पहिल्याच पायरीवर अडून बसतो, समोर धरलेलं बिस्कीट नाकाने शोधतो. असं दिसलं की घरात पडलेले थेंब डोळ्यांत घालून चार दिवस वाट पाहू नका. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. अचानक दृष्टी जाण्याची काही कारणं औषधाने आटोक्यात येतात, पण त्यांत उशीर चालत नाही.

काचबिंदूत डोळा लाल होतो, दुखतो आणि एक-दोन दिवसांत कायमचा जाऊ शकतो. रक्तदाब फार वाढला तर दृष्टिपटल सुटतं. त्यावर वेळेत औषध मिळालं तर काही कुत्र्यांना पुन्हा दिसू लागतं. गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकियाच्या आजारात डोळ्याच्या आत रक्त उतरू शकतं. आणखी एक कारण आवर्जून सांगतो, कारण ते मालकाने सांगितल्याशिवाय कळत नाही. गोचिड किंवा खरजेसाठी अंदाजाने टोचलेलं आयव्हरमेक्टिन जास्त झालं तरी कुत्रा आंधळा होतो, आणि असे बहुतेक कुत्रे काही दिवसांत सावरतात. म्हणून अलीकडे कोणी काय टोचलं, काय पाजलं, हे न संकोचता सांगा.

ही कारणं नाहीत, डोळा स्वच्छ आहे, दुखत नाही, बाहुल्या मोठ्या झाल्या आहेत आणि यंत्रातून दृष्टिपटल अगदी निरोगी दिसतंय, तरी कुत्र्याला दिसत नाही. अशा वेळी 'सार्ड्स' या आजाराचा संशय घेतात. यात दृष्टिपटलातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी काही दिवसांत किंवा आठवड्यांत काम थांबवतात. दृष्टिपटलाचे विद्युत संकेत मोजणाऱ्या ईआरजी तपासणीत रेघ सपाट येते. ती सोय जवळ नसेल तर डॉक्टर बाहुलीवर आधी लाल आणि मग निळा प्रकाश टाकून पाहतात. सार्ड्समध्ये लाल प्रकाशाला बाहुली जवळजवळ हलत नाही, निळ्याला मात्र आकसते. डॅशहंड, पग अशा जातींच्या मध्यमवयीन कुत्र्यांत हा आजार जास्त दिसतो. कारण अजून सापडलेलं नाही आणि दृष्टी परत आणणारा सिद्ध उपचारही नाही. खर्चिक प्रयोगांच्या मागे लागू नका, असं मी स्पष्ट सांगतो. हा आजार दुखत नाही, आणि आंधळा कुत्रा आनंदाने जगतो.

आता पाण्याच्या भांड्याकडे बघा. दृष्टी गेली त्याच सुमारास सार्ड्स झालेले बरेच कुत्रे खूप पाणी पिऊ लागतात, घरात लघवी करतात, सतत खायला मागतात, अंगाने सुटतात. कुशिंग्जच्या आजाराची लक्षणंही हीच. त्यात मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल जास्त बनवतात. शंभरातल्या 80 ते 85 कुत्र्यांत याचं मूळ मेंदूतळाच्या पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीत असतं, बाकीच्यांत अधिवृक्क ग्रंथीच्याच गाठीत. पण सार्ड्स झालेल्या प्रत्येक कुत्र्याला कुशिंग्ज असतोच असं नाही. नुकतं दिसेनासं झालेला कुत्रा घाबरलेला असतो, आणि भीतीनेही कॉर्टिसॉल वाढतं. त्यामुळे एका रिपोर्टवर आयुष्यभराची गोळी सुरू करू नये. डेक्सामेथासोन देऊन आठ तासांत रक्ताचे नमुने घेण्याची तपासणी, पोटाची सोनोग्राफी आणि लक्षणं, सगळं मिळून ठरवावं. खाजेसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं वारंवार दिली असतील, कानात किंवा कातडीवर स्टेरॉइडचं औषध चालू असेल, तर तेही सांगा. त्यानेही हुबेहूब हीच लक्षणं येतात. मात्र ते मनाने एकदम बंद करू नका.

घरी एक काम करा. सकाळी मापाच्या भांड्याने पाणी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. दहा किलोचा कुत्रा दिवसाला एक लिटरहून जास्त पीत असेल तर ते नक्कीच जास्त आहे. तीन दिवसांचे आकडे लिहून आणा. पाणी तोडू मात्र नका.

कुशिंग्ज ठरला तर बहुधा कॉर्टिसॉल कमी करणारं ट्रायलोस्टेन देतात. ते जेवणाबरोबरच द्यायचं. कॅप्सूल उघडायची नाही, हात धुवायचे, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने औषधाला हात लावायचा नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा रक्त तपासावं लागतं. कुत्रा बरा दिसतोय म्हणून ही फेरी टाळू नका. उलटी, जुलाब, अन्न नाकारणं, गळून पडणं, यांतलं काहीही दिसलं तर पुढचा डोस न देता लगेच डॉक्टरांना फोन करा. कॉर्टिसॉल फार खाली गेलं तर जीवावर बेतू शकतं.

दिसेनासं झालेल्या कुत्र्यासाठी घरातलं सामान आता हलवायचं नाही. पाण्याचं भांडं रोज त्याच कोपऱ्यात, खाली खरखरीत पायपुसणं, म्हणजे पंजाला जागा कळते. जिन्याला फाटक आणि बाल्कनीला जाळी आजच लावून घ्या. हात लावण्याआधी नाव घेऊन हाक मारा, मुलांनाही तेच शिकवा; दचकलेला कुत्रा चावू शकतो. सारखं उचलून नेऊ नका, उचलून दुसरीकडे ठेवलं की त्याची दिशा हरवते. पायरीपाशी रोज एकच शब्द वापरा, 'चढ' किंवा 'उतर'. फिरणं बंद करू नका. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा घाला, ओळखीच्या रस्त्याने न्या, आणि एखाद्या खांबापाशी तो पाच मिनिटं हुंगत उभा राहिला तर ओढू नका.