केस विरळ होतात? तेलाच्या बाटलीआधी ताटाकडे पहा

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत केस गळण्याची तक्रार नाही, असा आठवडा क्वचितच जातो. उमरग्यातील माझ्या दवाखान्यातही हीच गत आहे. भगिनी कागदात गुंडाळलेला केसांचा पुंजका टेबलावर ठेवतात आणि विचारतात, “डॉक्टर, कोणते तेल लावू?” मी तेलाचे नाव सांगण्याआधी दोन प्रश्न विचारतो. तीन महिन्यांपूर्वी काही आजारपण, बाळंतपण, ऑपरेशन झाले होते का? आणि रोज जेवणात काय असते? बहुतेक वेळा कारण या दोन उत्तरांत सापडते.

अन्नाचा केसांशी किती जवळचा संबंध आहे, हे महाराष्ट्राने नुकतेच पाहिले. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसरात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोके खाजायचे, मग केस हाताला येऊ लागायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. अठरा गावांतील २७९ जणांना हा त्रास झाला. कित्येकांनी लाजेने डोके भादरून घेतले. पहिला संशय पाण्यावर आणि बुरशीवर गेला. विंचूदंशावरील संशोधनामुळे प्रसिद्ध असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तेथे जाऊन रुग्णांच्या रक्ताची, केसांची आणि गव्हाची तपासणी करून घेतली. त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे बाहेरून आलेल्या रेशनच्या गव्हात सेलेनियम हे द्रव्य फार जास्त होते आणि रुग्णांच्या रक्तात जस्त कमी होते. त्या गव्हाचा वापर थांबवल्यावर पाच-सहा आठवड्यांत काहींचे केस पुन्हा येऊ लागले.

सेलेनियम हे विष नव्हे. शरीराला ते लागते, पण दिवसाला केवळ ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पंचविसावा भाग. केस ज्या प्रथिनाचे बनतात त्यात गंधक असते. सेलेनियम जास्त झाले की ते गंधकाची जागा घेते आणि केस कमकुवत होऊन गळतो. यातून आपण एवढे घ्यायचे की अन्नातील कमतरता जशी केसांना बाधते, तसा अतिरेकही बाधतो.

केस कसा वाढतो

आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. डोळ्यांना दिसणारा केस निर्जीव असतो. जिवंत असते ते त्वचेखालील मूळ. या मुळाला अन्न पोचते ते रक्तातून, वरून चोळलेल्या तेलातून नव्हे. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने वाढतो. मग दोन-तीन महिने विसावतो आणि गळून पडतो. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणे हे स्वाभाविक आहे.

टायफॉईड, डेंग्यू, बाळंतपण, मोठे ऑपरेशन किंवा कडक उपासतापास यांचा शरीराला धक्का बसला की पुष्कळसे केस एकदम विसाव्याच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. तोवर आजारपण विसरलेले असते आणि दोष नव्या साबणाला दिला जातो. असे केस सहा महिन्यांत बहुधा आपोआप परत येतात. त्या काळात जे तेल लावले असेल त्याला फुकटचे श्रेय मिळते, हा भाग वेगळा!

कमतरता कोठे आहे

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींमागे एकीला. रक्तात लोह कमी असेल तर शरीर आहे तेवढे लोह जीवनावश्यक कामांना वापरते आणि केसांची पाळी शेवटी येते. दम लागणे, थकवा, पांढुरकी नखे आणि विरळ होणारी वेणी ही अनेकदा एकाच दुखण्याची लक्षणे असतात. घरात सर्वांचे वाढून झाल्यावर उरलेले खाणारी बाई केसांसाठी महागडे तेल आणते, तेव्हा पैसा जातो आणि रक्तक्षय तसाच राहतो. मला खरी काळजी त्याची वाटते.

५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने आणि २९ मिलिग्रॅम लोह लागते. आपल्याच स्वयंपाकघरात हिशेब करून पहा. दिवसभरात ज्वारीच्या चार भाकरी खाल्ल्या तर सुमारे २४ ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन वाट्या घट्ट वरणातून १३, मूठभर शेंगदाण्यांतून ७ आणि वाटीभर दह्यातून ५ ग्रॅम. झाले की ४९! परंतु वरणाऐवजी पाणीदार आमटी आणि दह्याऐवजी नुसता ठेचा असेल, तर हिशेब तिशीतच अडतो. अंडे चालत असेल तर एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात.

लोहाचेही तसेच. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते, बाजरीत ६ ते ८. म्हणून थंडीत बाजरीची भाकरी खाण्याची आपली रीत योग्यच आहे. त्याखेरीज अळीव, तीळ, कारळाची चटणी, मटकी-हरभऱ्याच्या उसळी आणि हिरव्या पालेभाज्या यांतून लोह मिळते. मात्र ते शरीरात शोषले जायला हवे. त्यासाठी तीन गोष्टी पाळा. कडधान्ये भिजवून, मोड आणून खा. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू ठेवा, कारण त्यांतील क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते. आणि जेवणाआधी व नंतर तासभर चहा घेऊ नका, चहाने ते घटते.

आपल्या भागातील येळवशीचे जेवण आठवा. शेतात बसून खाल्लेली ती भज्जी म्हणजे तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, शेंगदाणे आणि हाताला येतील त्या पालेभाज्या. सोबतीला बाजरीचे उंडे आणि आंबवलेली आंबील. केसांना हवे ते जवळजवळ सारे त्या एका ताटात आहे. वर्षातून एकदा मिळणारे हे ताट आठवड्यातून दोनदा घरी करावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

मग तेल लावूच नये का?

जरूर लावावे, पण त्याचे काम ओळखून. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे मुंबईतील संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले आहे. न्हाण्याआधी ते लावल्यास केस तुटत नाहीत, मऊ राहतात. मात्र नवे केस उगवण्याचा तो उपाय नव्हे. माका आणि जास्वंद यांचे प्रयोग मुख्यतः उंदरांवर झाले आहेत. लावायला हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर रक्ततपासणी लांबवू नये. कांद्याच्या रसाचा २००२ सालचा एक लहानसा अभ्यास आहे, पण तो चाईवरचा आहे, साध्या केस गळण्यावरचा नाही. शिवाय या रसाने त्वचा जळजळते. शिकेकाई-रिठ्याने न्हाणे चांगले, फक्त रिठा डोळ्यांत जाऊ देऊ नये. ओढून बांधलेली वेणी आणि घट्ट आंबाडा यांनी कपाळावरचे केस कायमचे जाऊ शकतात. आणि गोटा केल्याने केस दाट येतात, हा निव्वळ समज आहे. वस्तरा मुळापर्यंत पोचतच नाही.

गोळ्यांची घाई नको

“केसांच्या गोळ्या” म्हणून मिळणाऱ्या डब्यांवर बायोटिन, सेलेनियम, अ जीवनसत्त्व अशी नावे असतात. बायोटिनची खरी कमतरता दुर्मीळ आहे आणि त्याच्या मोठ्या मात्रेने थायरॉईडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात. अ जीवनसत्त्व व सेलेनियम जास्त झाल्यास उलट केस गळतात. अमेरिकेत २००८ साली एका पूरक औषधात ठरल्यापेक्षा दोनशे पट सेलेनियम पडले आणि दोनशेहून अधिक लोकांना विषबाधा झाली. त्यांतील बहुतेकांचे केस गळले. तेव्हा कमतरता तपासल्याशिवाय गोळी घेऊ नये.

तपासणीही सोपी आहे. हिमोग्लोबिनची तपासणी उपजिल्हा रुग्णालयात होते. स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजावा. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. त्या चहा-दुधासोबत घेऊ नयेत. शौचास काळी होते म्हणून घाबरून बंदही करू नयेत. हिमोग्लोबिन बरोबर असूनही केस गळत असतील तर फेरिटिन व थायरॉईड पहावे.

पुढील लक्षणांत घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे: गोल चट्ट्यांत केस जाणे, मुलांच्या डोक्यावर खपल्या वा पू, टाळूवर व्रण, पाळी अनियमित होऊन चेहऱ्यावर केस वाढणे. बुलढाण्याप्रमाणे एकाच घरातील किंवा गल्लीतील अनेकांचे केस एकदम गळू लागले, तर प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवावे आणि घरातील धान्याचा नमुना जपून ठेवावा. वडील-काकांसारखे पुरुषांना पडणारे टक्कल आनुवंशिक असते. आहाराने ते थांबत नाही. त्याला वेगळी औषधे आहेत आणि ती लवकर सुरू केली तरच उपयोगी पडतात.

आहार सुधारल्यावर फरक दिसायला किमान तीन ते सहा महिने लागतात, कारण केस त्याच्याच गतीने वाढतो. तोवर धीर धरावा. आणि घरच्या कर्त्या मंडळींना एक विनंती आहे. आज रात्री जेवताना घरातील बाईच्या ताटात घट्ट वरण, पालेभाजी आणि लिंबाची फोड आली की नाही, तेवढे पहा.