उत्तर 468, पण आलं कसं?

1. बारावीच्या वर्गचाचणीत बरोबर उत्तराला मी फारसे गुण ठेवत नाही. पाच गुणांच्या गणितात आकृतीला एक, कोणता नियम आणि तो इथे का लागतो याला दोन, समीकरणाला एक. आकडेमोड आणि एकक मिळून उरलेला एक. पहिल्या चाचणीनंतर ‘मॅडम, उत्तर तर बरोबर आहे ना?’ अशी कुरकुर होतेच. दुसऱ्या चाचणीला आकृत्या दिसू लागतात. गुण ज्याला, ते मुलं लिहितात.

2. चुकीचं उत्तर एकच असलं तरी दुखणं एकच नसतं. माझं ठरलेलं गणित आहे: 60 किलोचा माणूस लिफ्टमध्ये काट्यावर उभा आहे, लिफ्ट 2 मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर निघाली, तर काटा त्याला किती बलाने वर ढकलतो? गुरुत्व त्वरण 9.8 धरलं तर 708 न्यूटन. वर्गात 468 लिहिणारे हमखास निघतात. एकाला वाटतं, वर जाताना माणूस हलका होतो, म्हणून तो सरळ वजाबाकी करतो. दुसरीच्या आकृतीत वजन आणि काट्याचं बल यांच्या जोडीला ‘वस्तुमान गुणिले त्वरण’ असा तिसराच बाण वर निघालेला असतो. परिणामालाच तिने बल मानलेलं. तिसऱ्याची आकृती आणि समीकरण चोख. पक्षांतर करताना चिन्ह चुकलं, उणे 468 आलं आणि पठ्ठ्याने उणे खोडून टाकलं! त्याला पाचपैकी चार. दुसरीला न्यूटनचा दुसरा नियम पुन्हा शिकवायला हवा. पहिल्याला स्प्रिंगचा काटा देऊन लिफ्टमध्ये पाठवावं. (डिजिटल नको, तो आकडा धरून बसतो.) पर्यायी प्रश्नात मात्र तिघांचं वर्तुळ एकच.

3. सीईटीला नावं ठेवून उपयोग नाही. भौतिक-रसायनाचे 100 प्रश्न 90 मिनिटांत, चुकीला दंड नाही; तिथे वेगच मोजला जाणार. कॉलेजच्या चाचणीने तेच कशाला मोजावं?

4. अधूनमधून आकडे नसलेलं गणित द्यावं. भरीव गोळा आणि कडं एकाच उतारावरून एकदम सोडले, न घसरता गडगडत आले, तर खाली आधी कोण पोहोचेल? ‘वस्तुमान दिलेलं नाही’ असं लिहून थांबणारी मुलं सूत्रात किमती भरण्यात तरबेज असतात, पण वस्तुमान कटून जाईल हे त्यांना सुचत नाही. हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी बलाविषयीची अशीच बिनसूत्रांची चाचणी दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मला वाटतं तसं? आपल्याकडे हा प्रश्न मोठ्याने कुणी विचारत नाही, एवढाच फरक.

5. शंभरावर मुलांचे गठ्ठे असे तपासणं जमत नाही. मी पेपरातलं एकच गणित या पद्धतीने तपासते, बाकीची नेहमीसारखी. शंका आली तर प्रॅक्टिकलच्या तासाला टेबलापाशी बोलावून एका ओळीवर बोट ठेवते: ‘ही कुठून आली?’ दोन मिनिटं पुरतात.