खात्यावर लिहून ठेवा

हार्डवेअरचं जुनं दुकान बंद पडलं की लोक मोबाईलवरच्या खरेदीला बोल लावतात. मला ते पटत नाही. दाराला अॅल्ड्रॉप बसवताना स्क्रू कमी पडले तर सुतार दोन दिवस पार्सलची वाट बघत नाही, पोराला सायकलवर दुकानात पिटाळतो. लातूरच्या गंजगोलाईजवळचं आमचं दुकान 2019 साली बंद झालं ते उधारीनं; आणि उधारीपेक्षाही, तिच्यामागे कागद नव्हता म्हणून. मी त्या घरची सून. बी.कॉम. झालेली, म्हणून शेवटी वह्या माझ्याकडे आल्या. त्यांत जे दिसलं ते अजून गल्ल्यावर बसणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

1982 मध्ये लातूर जिल्हा झाला आणि गाव वाढायला लागलं, त्याच सुमारास सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, धाकट्या भावाला घेऊन दुकान टाकलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरची काही वर्षं पत्रे, जे-हुक, खिळे, बाइंडिंग वायर पुरवताना उसंत नव्हती. लोकांची घरं पडली आणि आपला गल्ला भरतोय, हे अण्णांना फार खुपायचं. त्या गावांतून आलेल्या कुणालाच त्यांनी उधारीला नाही म्हटलं नाही. अन् त्या माणसांनी पैसे आणून दिले! सुगी झाली की दुकानात यायचे, चहा प्यायचे, बाकी चुकती करून जायचे. आमच्या घराचं खरं नुकसान या सचोटीनं केलं, असं मला कधीकधी वाटतं. उधारी बुडत नाही, अशी समजूत सगळ्यांच्या मनात घट्ट बसली.

पुढे ‘लातूर पॅटर्न’चा बोलबाला झाला, बाहेरगावची मुलं शिकायला येऊ लागली आणि होस्टेलांच्या इमारती उठल्या. आता उधार नेणारा शेतकरी नव्हता, कंत्राटदार होता. प्लंबर काडेपेटीच्या खोक्यावर यादी लिहून आणायचा, माल टेम्पोत चढायचा आणि फोनवरून निरोप यायचा, ‘अण्णा, खात्यावर लिहून ठेवा.’ एका पानावर मला दिसलं: वर नाव, ‘होस्टेलवाले साहेब’. खाली एल्बो, टी, बॉल व्हॉल्व्ह, सॉल्व्हंटचे डबे. शेवटी ‘हस्ते छोटू’. लातुरात छोटू किती आणि साहेब किती! पत्ता नाही, सही नाही.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. प्यायला पाणी नाही तिथे बांधकामाला कुठून? कामं थांबली तशी कंत्राटदारांची बिलं थांबली आणि आमची वसुलीही. नोव्हेंबरात नोटाबंदी, पुढच्या जुलैत जीएसटी. जीएसटीला दुकानदार उगाच शिव्या देतात असं नाही. लाखाचा माल उधार दिला, की त्यावरचे 18 हजार आपल्याच खिशातून जातात. काही पुरवठादाराला मालाबरोबर दिलेले, उरलेले पुढच्या महिन्यात सरकारात भरायचे. गिऱ्हाइकानं दमडी दिली नाही तरी. उधारी कायमची बुडाली तरी तो कर परत मिळत नाही. उधारीवर धंदा करायचाच असेल तर किती रकमेपर्यंत, हा आकडा यावरून ठरवा. माणूस किती गोड बोलतो यावरून नको.

वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘फर्म रजिस्टर आहे का?’ नव्हती. भागीदारी नोंदलेली नसेल तर फर्मला गिऱ्हाइकावर वसुलीचा दावा लावता येत नाही, हा 1932 चा कायदा आहे. नोंदणी करून मग दावा लावता येतो. पण मालाच्या उधारीला मुदत तीन वर्षांची. आम्ही दोघा भावांच्या जुन्या करारनाम्याचा कागद शोधत बसलो, तोवर मोठ्या बाक्यांची मुदत टळली. म्हणून सांगते, भाऊ-भाऊ असलात तरी फर्मची नोंदणी आजच करून घ्या. दर पाडव्याला खातेदाराकडून बाकीच्या आकड्याखाली तारखेसह सही घ्या. मुदत संपायच्या आत अशी लेखी कबुली मिळाली की तीन वर्षं नव्यानं सुरू होतात. सही मागायला लाज वाटते हे मला माहीत आहे. पेढा पुढे करा आणि वही पुढे करा.

आता पेच आणखी आवळला आहे. लहान कारखानदाराकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. मुदत टळून वर्षअखेरीलाही ते थकलेलेच राहिले, तर त्या वर्षी तो खर्च आयकरात धरला जात नाही. आपण मात्र व्यापारी, त्यामुळे हे संरक्षण आपल्या वसुलीला नाही.

उधारीशिवाय आमची आणखी एक चूक होती. घरखर्च गल्ल्यातून होत होता, नणंदेचं लग्नही त्यातूनच झालं. दोन्ही भावांनी महिन्याचा पगार ठरवून घेतला असता तर नफा किती आणि मुद्दल किती खाल्लं, हे तरी कळलं असतं.

बंद करायचं ठरलंच, तर आधी माल विका आणि मगच जीएसटीची नोंदणी रद्द करा. शिल्लक मालावर घेतलेली कराची वजावट परत भरावी लागते, आणि अंतिम रिटर्न तीन महिन्यांत द्यायचं असतं. प्लास्टिकच्या पाइपांनी जीआयचा बाजार उठवला, तेव्हापासून आमच्या माळ्यावर जीआय फिटिंगची पोती पडून होती. पितळी कॉक आम्ही घाईनं भंगारात किलोवर दिले. तसं करू नका. जुन्या वाड्यांची आणि शेतातल्या जुन्या पाइपलाइनींची कामं करणारे प्लंबर गाठा. त्यांना हा माल दुसरीकडे मिळत नाही; ते पोत्यानं नेतात आणि रोख देतात.